स्वस्त कार नेव्हिगेटर: घेण्यापूर्वी, लावताना आणि वापरताना

गाडीच्या काचेवर लावायचा पाच किंवा सात इंची जीपीएस नेव्हिगेटर आता दुकानात मांडलेला क्वचितच दिसतो. मात्र ऑनलाइन बाजारात आणि जुन्या वस्तूंच्या व्यवहारात तो अजूनही कमी किमतीत मिळतो, आणि त्याची गरज असणारी माणसेही आहेत. ताम्हिणी, आंबोली किंवा चोर्ला घाटात मोबाइलचे नेटवर्क मध्येच जाते, उन्हात काचेजवळ ठेवलेला फोन तापून बंद पडतो, ऐन वळणावर फोन वाजतो आणि नकाशा पडद्यामागे जातो. ज्यांना हे टाळायचे आहे आणि फक्त रस्ता दाखवणारे वेगळे यंत्र हवे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी असे यंत्र बरीच वर्षे वापरत आलो आहे, आणि नातेवाईक, शेजारी व सहकारी यांच्या यंत्रांच्या अडचणीही पाहत आलो आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की स्वस्त नेव्हिगेटरबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आतल्या नकाशात असते. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये यंत्राच्या दिसण्यापेक्षा नकाशाला जास्त जागा दिली आहे.

१. आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवा

ऑनलाइन शोधात ‘कार जीपीएस’ असे लिहिले की तीन अगदी वेगळ्या वस्तू एकत्र समोर येतात. पहिली वस्तू म्हणजे पडदा असलेला नेव्हिगेटर, जो स्वतःजवळच्या नकाशावर मार्ग आखतो आणि आवाजी सूचना देतो. दुसरी वस्तू म्हणजे ट्रॅकर. त्याला पडदा नसतो, त्यात सिम असते, आणि गाडी कुठे आहे हे तो मालकाच्या फोनवर कळवतो. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना एआयएस १४० या मानकाप्रमाणे जे यंत्र बसवावे लागते, ते याच प्रकारचे असते. ते चालकाला रस्ता दाखवत नाही. तिसरी वस्तू म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवायचा अँड्रॉइड स्टिरिओ. त्यात नेव्हिगेशन असते, परंतु त्याचा दर्जा मुख्यतः त्याच्या बाहेरच्या अँटेनावर आणि तुम्ही त्यात उतरवलेल्या ॲपवर ठरतो. पडद्याचे चित्र न पाहता स्वस्त ट्रॅकर मागवून बसलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी ‘यात ऑफलाइन नकाशा आहे का’ हा एकच प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा.

येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फोनमधला जीपीएस रिसीव्हर (संदेश पकडणारा भाग) उपग्रहांचे संदेश थेट घेतो, त्यासाठी नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवण्यासाठी आणि वाहतुकीची माहिती मिळवण्यासाठी. घरात एखादा जुना पण चालू फोन पडून असेल, तर त्यात ऑफलाइन नकाशे भरून तो गाडीत लावणे हा नेव्हिगेटरपेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा अधिक चांगला मार्ग आहे. वेगळे यंत्र त्यांनी घ्यावे, ज्यांना मोठी बटणे हवीत, जे ॲप आणि अद्ययावतीकरणे यांना कंटाळतात, किंवा ज्यांच्या घरातील ज्येष्ठ मंडळी गाडी चालवतात.

२. आधी नकाशा तपासा, मग यंत्र

स्वस्त नेव्हिगेटर साधारण दोन जातींचे असतात. एक जात गार्मिन, टॉमटॉम, मॅपमायइंडिया यांसारख्या ओळखीच्या कंपन्यांच्या जुन्या किंवा सुरुवातीच्या श्रेणीतील यंत्रांची. दुसरी जात म्हणजे ज्यावर कोणाचेही ठळक नाव नसते अशी सात इंची यंत्रे. ती पुष्कळदा विंडोज सीई या जुन्या प्रणालीवर चालतात आणि त्यांत नेव्हिगेशनचे सॉफ्टवेअर वेगळे भरलेले असते. दुसऱ्या जातीच्या बाबतीत ते सॉफ्टवेअर आणि नकाशा परवान्यासह आहेत की नुसते उतरवून भरलेले आहेत, हे विचारणे अत्यावश्यक आहे. परवाना नसेल तर नकाशा कधीच अधिकृतपणे अद्ययावत होणार नाही, आणि तुम्ही ज्या दिवशी यंत्र विकत घेतले त्याच दिवशी त्याचा नकाशा कायमचा गोठला असे समजावे. शिवाय अशा काही यंत्रांमध्ये युरोपचा नकाशा पूर्ण असतो आणि भारताचा नुसता महामार्गांपुरता. खोक्यावर ‘जगभराचे नकाशे’ लिहिले आहे म्हणून तुमच्या तालुक्याचा नकाशा त्यात असेलच असे नाही.

नकाशा किती जुना आहे हे विक्रेत्याच्या बोलण्यावरून ठरवू नका. यंत्र हातात घ्या, किंवा पडद्याची छायाचित्रे मागवा, आणि ज्यांच्या तारखा ठाऊक आहेत अशा जागा त्यात शोधा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मी पुढील जागा वापरतो.

समृद्धी महामार्ग या कामासाठी सर्वांत सोयीचा आहे, कारण तो तुकड्या-तुकड्यांनी खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा भाग जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. यंत्राला नागपूरहून ठाण्याचा मार्ग विचारा. तो समृद्धीवरून कुठपर्यंत नेतो आणि कुठे खाली उतरवतो, यावरून नकाशाचे वय बऱ्यापैकी कळते. जर तो समृद्धीचा विचारच न करता अमरावती, धुळे, नाशिक असा मार्ग देत असेल, तर नकाशा बहुधा डिसेंबर २०२२ पूर्वीचा आहे.

मुंबईसाठी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू पाहा; तो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुण्यासाठी चांदणी चौकातील नव्या मार्गिका पाहा. त्या ऑगस्ट २०२३ मध्ये खुल्या झाल्या, आणि जुन्या नकाशावर तेथे आता अस्तित्वात नसलेला पूल दिसतो. गोव्यात मोपा येथील विमानतळ शोधा, जेथून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली, आणि झुआरी नदीवरचा नवा पूल पाहा. पणजीत मांडवीवरच्या तिसऱ्या पुलाचे नावही अटल सेतू आहे, म्हणून शोधताना शहर आधी निवडा.

नावे आणि क्रमांकही नकाशाचे वय सांगतात. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले गेले: मुंबईहून गोव्याकडे जाणारा जुना १७ क्रमांक ६६ झाला, पुणे–सातारा–कोल्हापूर हा ४ क्रमांक ४८ झाला, पुणे–सोलापूर हा ९ क्रमांक ६५ झाला. यंत्र ‘एनएच १७ वर उजवीकडे वळा’ असे सांगत असेल आणि रस्त्यावरच्या फलकावर ६६ लिहिलेले असेल, तर नवखा चालक वळण चुकवतो. त्याचप्रमाणे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव (२०२३) आणि अहिल्यानगर (२०२४) ही नावे नकाशात आहेत का ते पाहा. नसतील तर यंत्र निरुपयोगी ठरत नाही, फक्त तुम्हाला शोधताना जुनी नावे द्यावी लागतील. परंतु हे घरातील इतर चालकांनाही सांगून ठेवा.

गार्मिनच्या काही यंत्रांच्या नावापुढे ‘एलएम’ अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ आजीवन नकाशे असा आहे. हे आजीवन म्हणजे तुमचे आयुष्य नव्हे. यंत्र चालू आहे आणि कंपनी त्या यंत्रासाठी नकाशे देत आहे तोवरच ही सोय लागू असते. जुने यंत्र घेताना ही सोय अजून चालू आहे की नाही, हे ते संगणकाला जोडून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासूनच पैसे द्यावेत.

३. जुने यंत्र असेल तर त्यातील तारीख पाहा

ही पायरी फार थोड्या लोकांना ठाऊक असते, आणि तीच वगळल्यामुळे निष्कारण मनस्ताप होतो. जीपीएस उपग्रह तारीख सांगताना आठवड्यांची मोजणी करतात, आणि मूळ संदेशात ही मोजणी १,०२४ आठवड्यांपर्यंतच जाऊन पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये झाले, नंतर ६ एप्रिल २०१९ रोजी झाले, आणि पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. ज्या यंत्रांचे अंतर्गत सॉफ्टवेअर यासाठी तयार नव्हते, ती यंत्रे आजची तारीख सुमारे साडेएकोणीस वर्षे मागे दाखवतात. प्रत्येक उत्पादकाने मोजणीचा आरंभ वेगळा धरलेला असतो, त्यामुळे हा दोष २०१९ नंतरही निरनिराळ्या यंत्रांत निरनिराळ्या वेळी उगवतो.

तारीख चुकली तरी जागा बरोबर दाखवणारी यंत्रे आहेत. परंतु पोहोचण्याची वेळ चुकते, दिवस-रात्रीचे रंग उलटे होतात, आणि काही यंत्रांना उपग्रह सापडायला खूप वेळ लागतो, कारण त्या तारखेला आकाशात कोणते उपग्रह असावेत याचा त्यांचा अंदाजच चुकलेला असतो. म्हणून वापरलेले यंत्र घेताना ते मोकळ्या जागेत चालू करून, उपग्रह मिळाल्यानंतर तारीख पाहावी. चुकीची असेल आणि उत्पादकाने दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दिलेले नसेल, तर ते यंत्र घेऊ नये असे माझे मत आहे.

विक्रेता ‘यात नाविकही आहे’, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह दिशादर्शन प्रणालीचीही सोय आहे, असे सांगत असेल तर सावध व्हा. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह ज्या एल५ आणि एस वारंवारता पट्ट्यांवर संदेश पाठवतात, त्या जुन्या स्वस्त रिसीव्हरांना ऐकूच येत नाहीत. जीपीएसच्या एल१ पट्ट्यावर संदेश देणारा नाविकचा पहिला उपग्रह मे २०२३ मध्ये सोडण्यात आला. दहा वर्षे जुन्या यंत्राबाबत हा दावा खरा असू शकत नाही.

४. कागदपत्रे आणि साहित्य

व्यवहार पूर्ण करण्यापूर्वी पुढील गोष्टी मिळाल्या आहेत का ते पाहा, आणि ज्या मिळणार नाहीत त्यांचा खर्च किमतीतून वजा करा.

– मूळ बिल, ज्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेला असेल. वॉरंटीसाठी तर ते लागतेच, पण जुने यंत्र चोरीचे नाही याचाही तोच पुरावा आहे.
– वॉरंटी कार्ड आणि नकाशाचा परवाना किंवा नोंदणीचा संकेतांक.
– जुन्या मालकाने आपल्या खात्यातून यंत्राची नोंदणी काढून टाकल्याची खात्री.
– गाडीतील १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा मूळ चार्जर.
– संगणकाला जोडण्याची डेटा केबल. नुसती चार्जिंगची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यातून माहिती जात नाही.
– काचेवरचा चोषक स्टँड आणि यंत्र धरणारा खाचेचा भाग. हा छोटा भाग तुटलेला असेल तर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्याने सहज मिळत नाही.
– मायक्रो एसडी कार्ड आणि कार्ड रीडर. जुनी यंत्रे ३२ जीबीपर्यंतची कार्डे ओळखतात. त्याहून मोठी कार्डे पुष्कळदा ओळखत नाहीत.

५. पहिल्यांदा चालू करताना घाई करू नका

नवीन किंवा बरेच महिने बंद असलेले यंत्र घेऊन लगेच गाडी सुरू करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या अचूक कक्षेची माहिती तीस सेकंदांच्या एका चक्रात पाठवतो, आणि सर्व उपग्रहांचे एकत्रित स्थूल वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. गाडी इमारती आणि झाडांमधून धावत असली की हा संदेश मध्येच तुटतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागते. म्हणून पहिल्या दिवशी यंत्र मोकळ्या मैदानात, आकाश दिसेल अशा जागी, हलवल्याशिवाय पंधरा ते वीस मिनिटे चालू ठेवा. त्यानंतर रोज उपग्रह मिळायला फार तर एक-दोन मिनिटे लागावीत.

उपग्रहांच्या पानावर जाऊन पाहा. जागा आणि उंची दोन्ही निश्चित व्हायला किमान चार उपग्रह लागतात. उघड्या आकाशाखाली चांगल्या यंत्राला याच्या दुप्पट सहज दिसतात. मैदानातही तीन-चारच्या वर आकडा जात नसेल तर अँटेना सदोष आहे, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी यंत्र परत करावे. विंडोज सीईच्या यंत्रात एकही उपग्रह दिसत नसेल, तर परत करण्यापूर्वी सेटिंगमधील जीपीएसचा पोर्ट आणि वेग यांची निवड आपोआप शोधावर ठेवून पाहा. यंत्र पूर्ववत करताना या नोंदी पुसल्या जातात आणि चांगले यंत्र बिघडलेले वाटते.

६. काचेवर जागा निवडणे

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून काचेचा उजवा खालचा कोपरा किंवा मध्यभागाच्या किंचित डावीकडचा खालचा भाग योग्य ठरतो. यंत्राचा वरचा काठ बॉनेटच्या रेषेच्या वर फार जाऊ नये. सात इंची पडदा मधोमध लावला तर डावीकडून येणारा पादचारी त्याच्यामागे पूर्ण झाकला जातो. हे धोक्याचे आहे, आणि मोठा पडदा म्हणजे अधिक सोय असे मानणाऱ्यांना मी पाच इंची यंत्र सुचवतो ते याच कारणाने. एअरबॅग उघडण्याच्या जागेवर किंवा तिच्या वाटेत यंत्र लावू नये.

उष्णता रोखण्यासाठी धातूचा लेप दिलेल्या काचेतून उपग्रहांचे संदेश नीट आत येत नाहीत. अशा काही गाड्यांमध्ये आरशाजवळ लेप नसलेला भाग सोडलेला असतो. गाडीचे माहितीपुस्तक पाहावे. त्याचप्रमाणे डॅशकॅम आणि हलक्या प्रतीचे यूएसबी चार्जर जवळ असतील तर त्यांच्या विद्युत गोंगाटात उपग्रहांचा अतिशय क्षीण संदेश हरवतो. यंत्र मैदानात उत्तम चालते आणि गाडीत अडखळते, असे झाले तर आधी डॅशकॅम बंद करून पाहा.

गाडी उभी करून जाताना यंत्र काढून घ्यावे. चोरीचे कारण आहेच, पण विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीतील तापमान लिथियमच्या बॅटरीला सोसत नाही. मागचे झाकण किंचित फुगलेले दिसले, पडदा एका कडेने उचललेला वाटला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र चार्ज करणे ताबडतोब थांबवा.

७. वीजपुरवठा

जुन्या यंत्रांच्या बॅटऱ्या फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे गाडीच्या सॉकेटवरच ते चालते असे धरून चला. संगणकाची केबल गाडीच्या चार्जरला लावली की पुष्कळ यंत्रे नकाशाऐवजी संगणकाला जोडल्याचे चित्र दाखवतात. यंत्र बिघडलेले नसते, त्याला केवळ मूळ चार्जरची केबल हवी असते. यंत्र अचानक चार्ज होणे थांबले तर चार्जरचे टोक फिरवून उघडा, आत काचेचा छोटा फ्यूज असतो, तो काही रुपयांत बदलता येतो. ट्रक किंवा बसमध्ये २४ व्होल्ट असतात, तेथे फक्त १२ व्होल्टचा चार्जर लावू नये.

८. मार्गाच्या सेटिंग

नवखे मालक भाषा आणि आवाज लावून थांबतात. खरे महत्त्व मार्गाच्या पर्यायांना आहे.

‘सर्वांत जवळचा मार्ग’ हा पर्याय बंद करून ‘सर्वांत जलद मार्ग’ निवडा. जवळचा मार्ग निवडल्यावर यंत्र दोन-तीन किलोमीटर वाचवण्यासाठी शेतातल्या पाणंदीवरून, वाडीतल्या बोळातून किंवा कच्च्या घाटवाटेवरून नेते. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय वेगळा असतो, तोही चालू करा. जलद मार्गाचाही हिशेब नकाशात प्रत्येक रस्त्याला दिलेल्या वेगावरून होतो. घाटातील वळणे, गावातला बाजाराचा दिवस, उसाच्या गाड्या यांची त्याला कल्पना नसते. डोंगराळ भागात यंत्राने सांगितलेल्या वेळेत निदान चौथा हिस्सा मिळवावा.

फेरीबोटीचा पर्याय कोकण आणि गोव्यात फार विचारपूर्वक ठरवावा लागतो. दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेसवी ते बागमांडला, आगरदांडा ते दिघी या खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. फेरी टाळण्याचा पर्याय चालू असेल तर दापोलीहून गुहागरला जाताना यंत्र तुम्हाला खाडीला मोठा वळसा घालून चिपळूणकडून नेईल. तो बंद असेल तर रात्री उशिरा, शेवटची फेरी गेल्यावर, धक्क्यावर नेऊन उभे करील, कारण त्याला फेरीचे वेळापत्रक माहीत नसते. गोव्यातील दिवाडी बेटावर तर पूलच नाही, त्यामुळे फेरी टाळलेली असेल तर यंत्र मार्ग सापडत नाही असे सांगते. माझी पद्धत अशी की किनाऱ्याच्या प्रवासाला निघताना फेरीचा पर्याय दिवसा खुला ठेवावा आणि सूर्यास्तानंतर बंद करावा.

पावसाळ्यात एक गोष्ट यंत्राकडून कधीही अपेक्षू नये, ती म्हणजे बंद घाटाची माहिती. भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट दरडींच्या धोक्यामुळे प्रशासन पावसाळ्यात वेळोवेळी बंद ठेवते, आणि नेव्हिगेटर मात्र तोच मार्ग शांतपणे सुचवत राहतो. जून ते सप्टेंबर या काळात घाट ओलांडण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाचे आदेश आणि स्थानिक बातम्या पाहाव्यात, आणि पर्यायी घाटातील एखादे गाव मधला थांबा म्हणून मार्गात घालावे.

९. गाव आणि पत्ता शोधणे

बहुतेक स्वस्त यंत्रांत टंकन इंग्रजी अक्षरांत करावे लागते, आणि आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगे एकसारखी नाहीत. ‘व’साठी कुठे व्ही असतो, कुठे डब्ल्यू; वडगाव, वाई, वेंगुर्ले शोधताना दोन्ही करून पाहा. शेवटच्या ‘गाव’चेही दोन-तीन प्रकार आढळतात. पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा पहिली तीन-चार अक्षरे लिहून यादीतून निवडणे अधिक खात्रीचे आहे.

त्याहून मोठा धोका एकाच नावाच्या गावांचा आहे. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव, बोरगाव ही नावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि एकाच तालुक्यात बुद्रुक व खुर्द अशी जोडगावे नदीच्या दोन तीरांवर असतात. यादीतील पहिल्या नावावर बोट ठेवण्यापूर्वी तालुका व जिल्हा वाचा, आणि ‘निघा’ दाबण्यापूर्वी एकूण अंतर पाहा. लग्नाला जवळच्या गावी निघालेला माणूस दोनशे किलोमीटरचा आकडा दिसूनही पुढे जातो, असे होऊ देऊ नका.

खात्रीचा उपाय म्हणजे अक्षांश-रेखांश. यजमानांकडून ते मागवा, पण त्यांचे रूप तपासा. पुण्याचे मध्यवर्ती स्थान दशांशात १८.५२०४ उत्तर, ७३.८५६७ पूर्व असे लिहितात. तेच अंश-मिनिट-सेकंदांत १८ अंश ३१ मिनिटे १३ सेकंद आणि ७३ अंश ५१ मिनिटे २४ सेकंद होते. यंत्र अंश आणि मिनिटे मागत असताना तुम्ही १८ अंश ५२.०४ मिनिटे असे भरले, तर केवळ अक्षांशाच्या या घोटाळ्याने तुम्ही सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला पोहोचाल. सेटिंगमध्ये दशांश रूप निवडून ठेवावे, कारण फोनवरून येणारे आकडे बहुधा त्याच रूपात असतात.

‘घर’ म्हणून स्वतःच्या दाराचा पत्ता साठवू नका. जवळचा चौक साठवा. यंत्र चोरीला गेले तर त्यासोबत घराची वाटही जाऊ नये.

१०. रस्त्यावर

उघड्या आकाशाखालीही यंत्राची जागा पाच-दहा मीटरने इकडेतिकडे असू शकते. म्हणून उड्डाणपूल आणि त्याखालचा सेवा रस्ता यांत त्याला नेमका फरक करता येत नाही. पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर हा अनुभव रोज येतो: गाडी पुलावर असते आणि यंत्र खालच्या चौकातून डावीकडे वळायला सांगते. अशा ठिकाणी फलक खरा मानावा. बोगद्यांत उपग्रह दिसतच नाहीत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचे भाताण, माडप आणि कामशेतचे बोगदे लहान आहेत, पण समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. बोगद्यात शिरण्यापूर्वी पुढचे बाहेर पडण्याचे ठिकाण लक्षात ठेवा, आणि बाहेर आल्यावर यंत्र सावरेपर्यंत त्याच्या सूचनेवरून मार्गिका बदलू नका. द्रुतगती मार्गावर उतरण्याची जागा चुकली तर पुढच्या जागी उतरावे. थांबणे किंवा मागे घेणे कधीही नको.

ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बदलानुसार गाडी चालवताना हातातील संपर्क साधने केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरता येतात. नेव्हिगेटरलाही तीच शिस्त लावावी: पत्ता गाडी उभी असताना भरावा, आवाज पुरेसा मोठा ठेवावा, आणि यंत्रात चित्रपट दाखवण्याची सोय असली तरी ती गाडी चालू असताना कधीच वापरू नये.

११. नकाशा अद्ययावत करणे

कोणतीही फाइल बदलण्यापूर्वी यंत्रातील आणि कार्डावरील सर्व मजकुराची प्रत संगणकावर घ्या. ही एक पायरी केली असेल तर पुढचे जवळजवळ सर्व बिघाड मागे फिरवता येतात. कंपनीच्या यंत्रांसाठी कंपनीचेच सॉफ्टवेअर वापरा, प्रक्रिया चालू असताना केबल हलवू नका, आणि लॅपटॉप विजेवर ठेवा. यंत्राची अंतर्गत जागा अपुरी पडली तर फाइली खोडण्याऐवजी कार्ड घाला.

अधिकृत नकाशे बंद झाले असतील तर ओपनस्ट्रीटमॅप हा कायदेशीर आणि विनामूल्य पर्याय आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक तयार करतात, आणि गार्मिनच्या बऱ्याच यंत्रांना चालेल अशा रूपात तो उतरवून कार्डावर ठेवता येतो. फाइलचे आणि फोल्डरचे नाव सूचनांत दिल्याप्रमाणेच ठेवावे, अन्यथा यंत्र तो वाचत नाही. नंतर यंत्रातील जुना नकाशा बंद करून नवा चालू करावा. दोन्ही एकत्र चालू राहिले तर मार्ग जुन्यावरूनच आखला जाऊ शकतो. घरक्रमांकांचा शोध यात दुबळा आहे, परंतु घाटरस्ते, किल्ल्यांच्या वाटा आणि नवे बाह्यवळण मार्ग पुष्कळ ठिकाणी चांगले आहेत, आणि तुमच्या गावचा रस्ता नसेल तर तो तुम्ही स्वतः नोंदवू शकता. मला हा पर्याय इतका मोलाचा वाटतो की गार्मिनचे नकाशे बंद झालेले पण अँटेना चांगला असलेले यंत्र मी केवळ त्यामुळे घ्यायला सांगेन.

रस्त्यावर भेटणाऱ्या किंवा मेमरी कार्डात ‘सगळे नकाशे’ भरून देणाऱ्या विक्रेत्यांपासून दूर राहा. त्या नकाशांचा परवाना नसतो, आणि चुकीच्या मॉडेलची फाइल भरल्याने यंत्र सुरूच न होण्याची उदाहरणे नेहमीची आहेत.

१२. यंत्र विकताना किंवा देताना

साठवलेली ठिकाणे, अलीकडचे शोध, प्रवासाचे माग आणि जोडलेल्या फोनची नावे पुसून यंत्र मूळ स्थितीत आणा. उत्पादकाच्या खात्यातून नोंदणी काढा आणि कार्ड काढून घ्या. बॅटरी फुगलेली असेल तर यंत्र विकू किंवा कोणाला देऊ नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. महापालिकेच्या किंवा अधिकृत संस्थेच्या ई-कचरा संकलन केंद्रात, फुगलेली बॅटरी आहे असे सांगून, वेगळे द्या.